देवदाराच्या जागी ओक

ओकच्या रानात सगळ्यात मोलाचं काय असतं असं कुणी विचारलं, तर मी खालचा कचरा असं सांगते. पडलेली पानं, काटक्या, सालींचे तुकडे, सगळं एकावर एक कुजत पडलेलं. गेल्या अकरा वर्षांत हे मी इतक्यांना सांगितलंय की आता झोपेतही बडबडत असेन. पटलेलं कुणालाच नाही. समोरचा मान डोलावतो आणि वळून कुणालातरी झाडू आणायला सांगतो.

मी नोकरी करते ते काचघर अमिरातीतल्या अल ऐनच्या बाहेर, एका खाजगी बागेत आहे. बाहेर वाळू आणि खजूर, आत चार मजले उंच काचेखाली एक कृत्रिम टेकडी आणि तिच्यावर अमेरिकेच्या डोंगरउतारावर असतं तसं ओकचं रान. बागेचे मालक इथलेच, आता वयस्कर झालेले. तरुणपणी शिकायला तिकडच्या कुठल्याशा डोंगराळ गावी होते, तिथलं रान डोक्यात बसलं, ते त्यांनी घरी आणलं. श्रीमंत माणसांना अशा गोष्टी सुचतात. त्या रानाचा जीव सांभाळायला त्यांना वनस्पतिशास्त्राचं माणूस हवं होतं, आणि मी पुण्याच्या कॉलेजातली नोकरी सोडून नवऱ्यामागे इथे येऊन घरात बसले होते. तेव्हा मी त्याच्या व्हिसावर होते. पुढे त्याची कंपनीच बंद पडली आणि तो माझ्या व्हिसावर आला. म्हणजे आज हिशेब असा, की काचघर चालू तर मी इथे, आणि मी इथे तर तो इथे.

टेकडी साधी नाही, तिला शिस्त आहे. माथ्यावर पाणी ठरत नाही, म्हणून तिथे पांढरा ओक आणि हिकरी. मधल्या उतारावर तांबडा ओक. खाली जिथे ओल साचते तिथे मेपल. त्यांच्या सावलीत डॉगवूडची बुटकी झाडं, त्याखाली नेचे, त्याखाली शेवाळ. ज्याला जेवढं पाणी आणि जेवढा उजेड सोसतो तो तिथे राहतो. एवढी साधी गोष्ट. पण आमच्या मॅनेजरला टेकडी दिसली की धबधबाच आठवतो. हा माणूस हॉटेलातून आलाय. त्याने माथ्यावर धुक्याची मशीन बसवली, फोटो छान येतात म्हणून. तीन आठवड्यांत पांढऱ्या ओकच्या पानांवर भुरी पडली. मी मशीन बंद करवली तर माझीच तक्रार वर गेली, की मॅडम गेस्ट एक्सपीरियन्सच्या विरोधात आहेत.

मेपलचं वेगळंच. मेपलची पोरं सावलीत मजेत वाढतात, ओकची नाही वाढत. ओकला वरून थोडा उजेड लागतो. खऱ्या रानात अधूनमधून आग फिरते, वाऱ्याने एखादं झाड पडतं, फट पडते, ओकला संधी मिळते. इथे आग लावायची सोय नाही, म्हणून दर महिन्याला मी गुडघ्यांवर बसून मेपलची रोपं उपटते आणि वरच्या दोनचार फांद्या छाटून घेते. मॅनेजर त्याचे फोटो काढून ठेवतो. मॅडम स्वतःच झाडं मारतात, असं त्याचं म्हणणं. आणि हिवाळ्याचं तर विचारूच नका. या झाडांना तीन-चार महिने कडक थंडी लागते, ती मिळाली नाही तर पुढच्या वर्षी धड पालवीच फुटत नाही. म्हणून नोव्हेंबरपासून चिलर लावून आम्ही आत हिवाळा करतो. पानं झडतात. पहिलं पान पडल्याच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजरची ईमेल येते, ट्रीज आर डेड, प्लीज ॲडव्हाइज. अकरा वर्षांत अकरा वेळा. मी आता जुनंच उत्तर तारीख बदलून पाठवते.

दोन वर्षांपूर्वी मालक स्वतः आले. काठी टेकत वरपर्यंत चढले, ओकच्या खोडावर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले. इथल्या जुन्या पिढीला हिंदी येतं, मुंबईशी व्यापार होता तेव्हापासूनचं. मला म्हणाले, "मैडम, झाड तो मैंने खरीदा. जंगल कहाँ है? अपने आप बच्चा निकले तो जंगल, नहीं तो ये फर्निचर है." दोन वर्षं बघू म्हणाले. आपोआप उगवलेलं रोप दिसलं नाही तर चिलर बंद, आणि काचघरात फुलपाखरं आणि कॉफीचं दुकान. मॅनेजरचा चेहरा उजळलेला मी पाहिला.

मला राग आला, पण खोटं कशाला बोलू, म्हातारा बरोबर बोलला होता. नऊ वर्षांत आमच्या टेकडीवर ओकचं एकही रोप आपणहून आलं नव्हतं. आणि ते का आलं नव्हतं हे मला माहीत होतं. ओकचं बी, ज्याला एकॉर्न म्हणतात, सुपारीएवढं असतं, वर टोपी घातलेलं. पांढऱ्या ओकचं एकॉर्न शरदात पडतं आणि वसंताची वाट बघत नाही, पडल्या पडल्या खाली मूळ सोडतं. मात्र तेव्हा ते उघड्यावर राहिलं तर काही दिवसांत वाळून मरतं. खऱ्या रानात खारी आणि पाखरं ती पुरून ठेवतात आणि विसरतात. आमच्याकडे खार नाही. आमच्याकडे होता तो फक्त पाचोळा, आणि तो रोज सकाळी सहाला ब्लोअर लावून साफ होत होता.

झाडणाऱ्यांचा दोष नाही, त्यांना जे सांगितलं ते ती माणसं करत होती. मी मॅनेजरशी भांडले, मालकांच्या ऑफिसला पत्रं लिहिली, पाचोळ्याखाली बुरशी कशी वाढते आणि ती मुळांना कशी पोसते याची चित्रं काढून दाखवली. हात टेकले शेवटी. मग एक दिवस मी वरच्या उतारावर पिवळी दोरी बांधली आणि 'रिसर्च एरिया' अशी पाटी लावली. त्या दिवसापासून तिथे झाडू फिरला नाही. पाचोळा म्हटलं की उचलतात, रिसर्च म्हटलं की वळसा घालून जातात. हे मला नऊ वर्षं आधी का सुचलं नाही, याबद्दल मी स्वतःला अजून शिव्या देते.

ओकला दरवर्षी सारखी फळं धरत नाहीत. काही वर्षं नुसती नावाला, आणि मग एका वर्षी अंगभर. त्या शरदात माथ्यावरच्या तीन झाडांनी भरभरून एकॉर्न टाकली. मी एकालाही हात लावला नाही. आपोआप म्हणजे आपोआप. हिवाळाभर मी पाचोळ्याकडे बघत बसायचे. एप्रिलमध्ये पहिलं रोप दिसलं, मग आणखी, आणि महिनाअखेरीस मोजली तर नऊ. प्रत्येकाला चार-पाच पानं, वाकड्यातिकड्या कडांची. मी तिथेच खाली बसले आणि किती वेळ बसले मला माहीत नाही.

मालकांच्या ऑफिसला कळवलं. उत्तर आलं की ऑक्टोबरच्या शेवटी साहेब स्वतः बघायला येतील, मगच ठरेल. घरी नवऱ्याला सांगितलं. तो रोज संध्याकाळी विचारायचा, "काय म्हणतायत तुझी नऊ?" मी सांगायचे. बाकीचा दिवस तो काय करतो हे विचारायचं मी टाळत असे. पन्नाशी उलटलेल्या माणसाला पुन्हा नोकरी मिळणं इथे कठीण, आणि तो त्याबद्दल बोलत नाही. अधूनमधून दुपारचा डबा घेऊन यायचा, आतल्या थंडीत चार फेऱ्या मारायचा आणि जायचा. गार्ड त्याला ओळखतात.

रोपांजवळ मी छोटे झेंडे लावले होते. शाळेच्या सहलीतली मुलं ते आठवण म्हणून घेऊन गेली. ऑगस्टमध्ये मॅनेजरने दोरी सोडली, पाटीही काढली, कुणाच्या तरी फोटोशूटच्या आड येत होती म्हणून. झाडणारे सवयीने तरीही वळसाच घालत. पुन्हा बांधू, बांधू म्हणता माझं राहून गेलं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतेय, कारण पुढे मी सगळा राग एकाच माणसावर काढला.

आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो. नोकरी गेल्यापासून नवऱ्याने पूजा फार मनावर घेतलीय. एकवीस पत्री म्हणजे एकवीस, त्यात तडजोड नाही. वाळवंटात एकवीस प्रकारची पानं कुठून आणणार, असं मी पहिल्या वर्षी हसत म्हटलं होतं. त्याने आणून दाखवली. रुई तर रस्त्याकडेला रानटी वाढते. इथला सिद्र म्हणजे बोरच, तेही आलं. कण्हेर प्रत्येक चौकात. डाळिंब जुन्या बागेतून. इथे ज्याला गाफ म्हणतात ती आपली शमी, हे मीच त्याला सांगितलं होतं. गेल्या वर्षीपर्यंत एकोणीस-वीसवर गाडी अडायची. यंदा तो सकाळपासून खुशीत होता. सगळी जमली म्हणाला. नुसती आमची नाहीत, इथल्या पाच-सहा घरांची, दुबईत अल मनखूलमधल्या मित्रांची आणि अल बर्शाला राहणाऱ्या आमच्या मुलीची सुद्धा. प्रत्येक पान वेगळ्या कागदात, वर सुबक अक्षरात नाव. आदल्या दिवशीच पुडे दुबईला रवाना झाले होते.

मुलीने फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, बाबाज लीफ किट, सो क्यूट. मी तो फोटो मोठा करून पाहिला. सगळ्या पुड्या ओळीने मांडलेल्या. तुळस, माका, आघाडा. आणि एकावर 'देवदार'. त्या कागदावर वाकड्यातिकड्या कडांचं एक कोवळं पान होतं.

मी फोन घेऊन नवऱ्याकडे गेले. तो आत मखर लावत होता.

"हे देवदार कुठून आणलंस?"

"तुझ्याकडूनच," तो म्हणाला. आवाजात कौतुकाची वाट बघणं होतं. "दरवर्षी देवदारावरच अडतं. म्हटलं, देवदार थंडीतला, डोंगरातला. तुझं रानही थंडीतलं, डोंगरातलं. त्याच्या जागी हे चालेल."

"देवदाराला सुया असतात. सुया. पानं नसतात."

"असतील गं. भाव महत्त्वाचा." मग माझा चेहरा बघून घाईने म्हणाला, "मोठ्या झाडांना हात नाही लावला हं. त्यांवर नावाची पाटी असते ना तुमची. वर माथ्याजवळ जमिनीवर तण उगवलं होतं, त्याचेच शेंडे घेतले. आणि उपटलं एकही नाही. दूर्वा खुडतो तसं नखाने खुडलं."

"किती?"

"आठ-नऊ असतील."

मी त्याला काय काय बोलले ते इथे लिहिणार नाही. एवढंच लिहिते, की दिवसभर घरी बसून तुला दुसरं काय सुचणार, हे वाक्य मी बोलले. ते बोलायला नको होतं. तो मखराच्या शेजारी खाली बसला आणि म्हणाला, "तीच नऊ होती का?" मी गणपतीच्या पुढ्यात बसून रडले. सणासुदीला घरात रडू नये असं म्हणायलाही त्याला तोंड राहिलं नव्हतं. मुलीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मॉम, इट्स जस्ट लीव्ह्ज. दे ग्रो बॅक, नो?" तिच्यावरही खेकसले.

दुसऱ्या दिवशी जाऊन पाहिलं. नऊच्या नऊ जागी बोटाच्या पेरापेक्षा लहान काड्या उभ्या होत्या. खुडलेलं अगदी सफाईदार होतं.

राग ओसरल्यावर माझं शिक्षण कामाला आलं. मुलगी चुकीचं बोलली नव्हती. ओकचं रोप पहिल्या वर्षी वर फार काही करत नाही, सगळी कमाई खाली मुळात घालतं. रानात हरणं शेंडा खातात, आग वरचं सगळं जाळून जाते, आणि मूळ पुन्हा फूट काढतं. एक वर्षाचं दिसणारं रोप कधीकधी दहा वर्षांच्या मुळावर उभं असतं. म्हणजे ही मेलीच असतील असं नव्हतं. पण इतक्या उशिरा, थंडीच्या तोंडावर, ती फुटणार नव्हती. कळायचं ते मार्चमध्ये. आणि मालक येणार होते ऑक्टोबरअखेर. नवऱ्याशी मी कामापुरतं बोलत होते. त्याने डबा आणणं बंद केलं.

मालक आले ते ठरल्याप्रमाणे. सोबत मॅनेजर, हातात टॅबलेट, त्यात कॉफीच्या दुकानाची चित्रं असणार. चढताना मालक दोनदा थांबले. वर पोचल्यावर म्हणाले, "कहाँ हैं बच्चे?"

मी पाचोळा बाजूला करून एकेक काडी दाखवली. पानं कुणी तरी खुडली असं सांगितलं. कोणी ते सांगितलं नाही. ते म्हणाले, "मैडम, ये काडी है."

मी नखाने एका काडीची साल खरवडली. आत हिरवी रेघ दिसली.

"मॉस, सर," मॅनेजर म्हणाला.

मी त्याला म्हटलं की शेवाळ सालीच्या आत नसतं. मालकांना म्हटलं, मार्चपर्यंत थांबा, ही फुटतील. ते थकल्यासारखे हसले. "तुम हर साल मार्च बोलती हो," ते म्हणाले आणि काठी उचलून वळले. मॅनेजरने टॅबलेट उघडला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं की दाखवायला माझ्याकडे फक्त मूळ आहे. मी खाली बसले. नऊ काड्यांकडे पाहिलं. बारीक काडीचं मूळ बारीक निघालं असतं आणि म्हाताऱ्याला पटलं नसतं. चौथी काडी सगळ्यात जाड होती. एप्रिलमध्ये तीच पहिली दिसली होती. मी तिच्याभोवती बोटांनी उकरायला सुरुवात केली. पाचोळा, मग काळी माती, मग वाळू. मूळ सरळ खाली जात होतं, संपतच नव्हतं. दीड वीत उकरल्यावर ओढलं तर टोक आत तुटलं. तरी हातात आलं ते माझ्या पंजाहून लांब होतं, पांढरट, ताठ, बाजूने केसांसारखी मुळं आणि त्यांवर बुरशीची पांढरी आवरणं. वरच्या बाजूला एकॉर्नचं रिकामं कवच अजून चिकटलेलं होतं.

मालकांनी ते हातात घेतलं. बराच वेळ उलटंसुलटं करून पाहिलं. कवचावरून अंगठा फिरवला.

"ज़िंदा है," ते म्हणाले.

"था," मी म्हटलं.

"वापस नहीं लगेगा?"

"टोक टूट गया. नहीं लगेगा."

"ये सबसे अच्छावाला था?"

"हाँ."

"छोटावाला निकालती."

"छोटावाला आप मानते नहीं," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, नोकरीची मला तेव्हा पर्वा नव्हती.

मूळ त्यांनी रुमालात गुंडाळलं आणि खिशात ठेवलं. उतरताना मॅनेजरला अरबीत दोन वाक्यं बोलले. त्यातलं मला खलास एवढंच कळलं आणि वाटलं, संपलं. पण संध्याकाळी मी निघाले तेव्हा मॅनेजर स्वतः उतारावर पिवळी दोरी बांधत होता. कॉफीच्या दुकानाचं मार्चनंतर बघू, असं म्हणाला.

घरी नवरा टीव्ही न लावता बसला होता. मी सांगितलं की मार्चपर्यंत आहे. त्याने मान हलवली आणि विचारलं, "नऊही ठीक आहेत?"

"आठ आहेत," मी म्हटलं. पुढचं सांगता आलं नाही.

इतक्या दिवसांत मी त्याला रोज नऊ रोपांचं सांगत होते आणि एकदाही हाताला धरून नेऊन दाखवलं नव्हतं. कामाच्या जागी त्याने रेंगाळलेलं मला नको असायचं, हे खरं कारण. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला बरोबर घेऊन गेले. दोरी उचलून धरली, तो वाकून आत आला. मी पाचोळा बाजूला करून एकेक काडी दाखवत गेले आणि तो प्रत्येकीपाशी उकिडवा बसून बघत गेला, हात मागे बांधून. चौथ्या जागी नुसता खड्डा होता.

"हे पण मीच का?" त्याने विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "तू खुडलं होतंस. उपटलं ते मी."